बोअरच्या गाडीखालचं डिझेल

“डिझेल म्हणजे काही पेट्रोल नव्हे. पेटती काडी टाकली तरी विझते.” महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात बोअरची गाडी उभी राहिली की हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. गाडीवाला बोलतो, एजंट बोलतो, आणि ज्याच्या परसात बोअर मारायचं चाललंय तो घरमालकही मान डोलावतो. या एका वाक्याच्या भरवशावर चालू इंजिनात कॅनने डिझेल ओतलं जातं, पिंपाला टेकून विड्या ओढल्या जातात, आणि रात्री त्याच पिंपांशेजारी माणसं अंग टाकतात. हे वाक्य धोकादायक आहे आणि ते खोडून काढलं पाहिजे. त्यातला जेवढा भाग खरा आहे, तेवढा बोअरच्या जागेला लागू पडत नाही.

आधी काडीचा प्रयोग घेऊ. गार डिझेलने भरलेल्या बादलीत काडी बुडवली तर ती विझते, हे बरोबर. पण पेट घेते ती द्रवाची वाफ. प्रत्येक ज्वलनशील द्रवाचं एक तापमान असतं. त्याच्या खाली पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ जमत नाही, वर गेलं की जमते. याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून ते कोणत्याही ऋतूत भडकतं. आपल्याकडच्या डिझेलसाठी भारतीय मानकाने ठरवलेली किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. युरोपात ती ५५ अंश आहे. काडीची गोष्ट सांगणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पंपावरून आणलेलं डिझेल या किमान रेषेच्या किती वर आहे, हे कॅन हातात धरून कुणालाही सांगता येत नाही.

आणि बोअरचा मोसम कोणता? शिमगा आटोपला की विहिरी तळ दाखवू लागतात आणि गाड्या फिरू लागतात. रायगडचा हा आतला भाग तापतो किती, ते इथल्या माणसाला सांगायला नको. याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. तो आकडा बाजूला ठेवला तरी महाडचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, आणि ते झालं सावलीतलं माप. महाड तालुक्यातल्या तुडील गावच्या एखाद्या उघड्या वरकस जमिनीवर भर दुपारी उन्हात ठेवलेलं लोखंडी पिंप त्याहून तापलेलं असतं. गाडीच्या टाकीतलं डिझेल तर आणखी गरम, कारण इंजिनाने न वापरलेलं तेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येतं आणि येताना इंजिनाची उष्णता घेऊन येतं. काडीचा प्रयोग करणारी बादली सावलीत असते. आपली टाकी नसते.

त्याहून मोठी गोष्ट ही की बोअरच्या जागेवर डिझेल पेटायला काडी लागतच नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून तापवायची आणि त्यात डिझेलचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो, म्हणून तर इंजिन चालतं. ठिणगीशिवाय, केवळ तापल्या पृष्ठभागामुळे पेट घेण्याच्या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा हळवं आहे. साधारण २१० ते २५० अंशांच्या दरम्यान ते स्वतःहून पेटू शकतं. खडक फोडताना ताणाखाली चाललेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ४००-५०० अंशांपर्यंत तापतो. चालू गाडीत कॅनने डिझेल ओतताना जो ओघळ मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर जाईल, तो कुणाची विडी शोधत बसणार नाही. “पेट्रोल नव्हे, डिझेल आहे” हा दिलासा इथे नेमका उलटा पडतो.

मग हायड्रॉलिक तेल. त्याला तर कुणी ज्वलनशील मानतच नाही, कारण त्याचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या आसपास असतो. पण रिगच्या नळ्यांमध्ये ते प्रचंड दाबाखाली असतं. घासून घासून पातळ झालेल्या होजला टाचणीएवढं भोक पडलं की तेल धुक्यासारखं उडतं, आणि धुकं झालेल्या तेलाला फ्लॅश पॉइंटची पर्वा नसते. प्रत्येक बारीक थेंब चहूबाजूंनी हवेला भिडलेला असतो. तो तापल्या लोखंडावर गेला की क्षणात भडका. खाणींमध्ये आणि मोठ्या यंत्रांवर लागणाऱ्या आगींचं हे जुनं, माहितीतलं कारण आहे. आपल्याकडे अशा होजवर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळतात आणि काम पुढे चालू राहतं.

कपडे आणि बोळे यांचंही तेच. डिझेलने भिजलेला कापूस, बनियन, लुंगी यांना फ्लॅश पॉइंटचं संरक्षण नाही. धाग्याने शोषलेलं तेल वातीसारखं जळतं. कंदिलाची वात जळते ती याच नियमाने. खरं तर डिझेल पेटत नाही असं म्हणणाऱ्या आपल्या पिढीला एकच प्रश्न विचारला तरी पुरे: घरातला रॉकेलचा स्टोव्ह विसरलात का? पेट्रोलियम कायद्याच्या वर्गवारीत रॉकेल आणि डिझेल एकाच ‘ब’ वर्गात बसतात. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाया ज्या समाजाने इतकी वर्षं पाहिल्या, त्याने “ब वर्गातलं तेल पेटत नाही” असं म्हणावं, हे मला सहन होत नाही.

आता दुसरा युक्तिवाद, जो जास्त सभ्यपणे मांडला जातो. “तेलविहिरींचे नियम पाण्याच्या बोअरला कशाला? तिथे खालून गॅस येतो. इथे खाली काळा पाषाण.” यातली पहिली बाजू मी मान्य करतो. आसामात बाघजानला २७ मे २०२० रोजी तेल-वायूची विहीर उसळली, ९ जूनला पेटली आणि ती आग शमायला नोव्हेंबर उजाडला. आग विझवायला गेलेले दोन जवान तिथे गेले. तसं काही तुडीलला होणार नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात पाण्याचे झरे सापडतात, गॅसचे साठे नाहीत.

पण तेलविहिरीवरची सगळी शिस्त खालच्या गॅससाठी असते, हे कुणी सांगितलं? तिच्यातला मोठा भाग रिगने स्वतःबरोबर आणलेल्या इंधनाबद्दल आहे. टाकी कुठे असावी, भरताना इंजिन बंद असावं, धुराड्याला ठिणग्या अडवणारी जाळी असावी, वेल्डिंगला लेखी परवानगी लागावी, सांडलेलं तेल गटारात जाऊ नये, आग विझवायचं साधन हाताशी असावं. यातल्या एकाही गोष्टीचा जमिनीखाली काय आहे याच्याशी संबंध नाही. खडक बदलला म्हणून डिझेलचा स्वभाव बदलत नाही.

महाराष्ट्राला याचे धडे दोनदा मिळालेत. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर जी आग लागली, तिचं कारण ड्रिलिंगच्या पात्यात नव्हतं. जखमी माणसाला हलवण्यासाठी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज प्लॅटफॉर्मजवळ आलं, भर पावसाळ्यातल्या समुद्रात त्याच्यावरचा ताबा सुटला, ते गॅसच्या राइजरवर आदळलं आणि बघता बघता सगळा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ माणसं गेली. आजूबाजूच्या रोजच्या हालचालीतून घात झाला. दुसरा धडा घराजवळचा, याच जिल्ह्यातला. ३ सप्टेंबर २०१९च्या सकाळी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली ती पावसाच्या पाण्याच्या गटारात. चौघांचा मृत्यू झाला. पाण्यावर तरंगत गेलेलं इंधन किती घातक असतं, याचा आणखी कोणता दाखला हवा?

आणि बोअरच्या जागेवर नेमकं काय होतं? पाणी लागलं की कंप्रेसरच्या हवेबरोबर चिखल-पाण्याचा लोट वर येतो. तो उताराने वाहतो. गाडीखाली सांडलेलं डिझेल त्यावर तरंगत जातं. कोकणातल्या उतरत्या परसातून कुंपणापलीकडे, खालच्या पऱ्यापर्यंत. वाटेत पेंढ्याची उडवी असते, गोठा असतो, गुडघाभर वाळलेलं गवत असतं. हेच ते महिने, जेव्हा आपल्या डोंगरांना वणवे लागतात. अशा वेळी आग लागलीच, तर जमलेली माणसं काय करतील? समोर पाण्याची धार उसळतेय, तीच आगीवर वळवतील. जळतं डिझेल पाण्यावर चढून पसरतं. ज्या पाण्यासाठी सगळा खटाटोप केला, तेच आग दूरवर घेऊन जाईल.

महाडकरांना तर हे वेगळं सांगायची गरज नसावी. ३ नोव्हेंबर २०२३ला औद्योगिक वसाहतीतल्या ब्लू जेट हेल्थकेअर कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार बेपत्ता झाले आणि पुढचे काही दिवस एनडीआरएफचे जवान ढिगाऱ्यातून मृतदेह काढत राहिले. त्या आठवड्यात आपण सगळेच औद्योगिक सुरक्षेवर तावातावाने बोललो. कारखान्याच्या भिंतीआड ज्वलनशील द्रव ठेवणाऱ्यांना जाब विचारणारे आपण, आपल्याच अंगणात उघड्यावर ठेवलेल्या डिझेलच्या पिंपांकडे मात्र पाहत नाही.

इथे एक गोष्ट खास आपल्या भागाची आहे आणि ती मला फार अस्वस्थ करते. औद्योगिक पट्ट्यात रसायनांची जुनी पिंपं आणि कॅन स्वस्तात मिळतात. घरी पाणी साठवायला, शेतात फवारणीला आणि बोअरच्या गाडीवर डिझेल भरायलाही तीच जातात. तळाशी राहिलेला द्रावक काय होता, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. डिझेलमध्ये थोडंसं जरी पेट्रोल किंवा तशाच गुणाचं द्रावक मिसळलं तरी त्याचा फ्लॅश पॉइंट धाडकन खाली येतो. मग काडी विझत नाही. आणि रिकामं पिंप भरलेल्याहून वाईट; आतली जागा वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाने भरलेली असते. असं पिंप कापायला किंवा त्यावर ठेवून केसिंगचा पाइप जोडायला वेल्डिंगची काडी लावली, तर तो बॉम्बच असतो.

“इतकी वर्षं बोअर मारतोय, कधी काही झालं नाही” हे उत्तर मला सगळ्यात जास्त चीड आणतं. झालं नाही हे कुणी पाहिलं? बोअरच्या गाड्यांवरच्या माणसांची गणती कुठल्या वहीत आहे? तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे हे बोअरगाड्यांचं देशातलं मोठं केंद्र. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या गाड्या गावोगाव हिंडतात. एका गाडीवर मनोरा आणि कंप्रेसर, दुसरीवर रॉड, केसिंग, डिझेलची पिंपं आणि माणसांचा सगळा संसार. त्यावरची पोरं बहुतेक परप्रांतातली. एखाद्याचा पाय भाजला, हात होरपळला, तोंडाने नळी ओढताना डिझेल फुप्फुसात जाऊन तो आजारी पडला, तर तो दुसऱ्या दिवशी गाडीवर नसतो, एवढंच गावाला कळतं. गाडी पुढच्या गावी गेलेली असते. जिथे नोंदच होत नाही तिथे “काही झालं नाही” हा पुरावा धरता येत नाही.

नोंद का होत नाही, याचं कारण कायद्याच्या रचनेत आहे. कारखान्याला कारखान्यांसाठीचे सुरक्षा नियम, तेलविहिरीला ऑइल माइन्स रेग्युलेशन्स, पेट्रोल पंपाला स्फोटक विभागाचा परवाना. बोअरची गाडी यांतल्या कशातच बसत नाही. कामगार सुरक्षेच्या कायद्यांची दारं बहुधा दहा माणसांपासून उघडतात. गाडीवर अनेकदा तेवढी नसतात. पेट्रोलियम कायद्यानुसार ‘ब’ वर्गाचं तेल एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. म्हणजे २०० लिटरची बारा पिंपं तुमच्या अंगणात उभी राहिली तरी परवाना कुणी मागू शकत नाही. पेट्रोलच्या बाबतीत हाच कायदा किती कडक आहे ते पाहा: विनापरवाना ३० लिटरपर्यंतच, तेही काच, चिनीमाती किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं २५ लिटरहून मोठं नको, काचेचं किंवा चिनीमातीचं एक लिटरहून. प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पेट्रोल वेल्डिंगच्या जनरेटरमध्ये ओतणाऱ्यांनी हे वाचावं.

महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम आहे. त्यात रिगच्या मालकांची नोंदणी आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. पाणी वाचवण्याचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे. उघड्या बोअरमध्ये मुलं पडू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये निर्देश दिले: फलक लावा, काटेरी तारेचं कुंपण करा, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधा, वापरात नसलेला बोअर बुजवा. फार गरजेचे निर्देश. पण बोअरच्या तोंडाचा विचार झाला आणि ते तोंड पाडणाऱ्या माणसाच्या उशाशी असलेल्या डिझेलचा कुणीच केला नाही.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो प्रामाणिक माणसं घेतात. “आणखी एक नियम म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणि आणखी एक हप्ता. फुटामागे दर वाढेल. वाडीवरच्या बाईला पाणी महाग होईल.” पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांसमोर हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. पाण्याची निकड खरी आहे.

पण मी मागतोय त्या गोष्टींना इन्स्पेक्टर लागत नाही आणि दरही वाढायचं कारण नाही. काम सुरू करण्याआधी टाक्या भरून घ्या. मध्येच भरायची वेळ आली तर इंजिन बंद करा, थोडं निवू द्या, मग भरा. बोअर फुटावर जातो म्हणून थांबणं परवडत नाही म्हणतात. रॉड जोडायला हात दर वेळी थांबतातच, तसा एकदा इंजिनालाही विसावा द्या. कॅनऐवजी हातपंप आणि नळी वापरा, म्हणजे तोंडाने ओढणंही नको आणि ओघळही नको. पिंपं गाडीपासून पंधरा-वीस मीटर दूर, सावलीत, उताराच्या वरच्या अंगाला नव्हे तर बाजूला, मातीचा बांध घालून ठेवा. भोवतालचं गवत आदल्या दिवशी काढा. वेल्डिंग पिंपांच्या विरुद्ध टोकाला. सहा किलोचं ड्राय पावडरचं एक नळकांडं आणि कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. चूल आणि झोपण्याची जागा डिझेलच्या गाडीपासून वेगळी. पावडरच्या नळकांड्याची किंमत दोनशे फुटांच्या बोअरच्या बिलात शोधून सापडणार नाही.

आणि नारळ. बोअर सुरू करताना नारळ फोडतात, अगरबत्ती लावतात, कापूर पेटवतात. पाण्याची आस लागलेल्या घराची ही श्रद्धा आहे आणि ती तशीच राहावी. फक्त कापूर रिगच्या पायाशी पेटवू नये. पाणाड्याने जिथे खूण केली तिथे गाडी लागायच्या आधी पूजा करून घ्यावी. देवाला चालेल आणि हेल्परच्या जिवालाही बरं.

खाडीपट्ट्यातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरी करून आलेली आहेत. त्यांच्यातल्या ज्यांनी तेलाच्या कामावर दिवस काढले, त्यांना वर्क परमिटशिवाय वेल्डिंगची काडी हातात मिळत नव्हती, हे ते स्वतः सांगतात. तीच माणसं गावी आल्यावर अंगणातल्या गाडीपुढे गप्प का बसतात? परक्या मुलुखात जी शिस्त पाळली ती आपल्या दारात मागायला संकोच कसला? बोअरचे पैसे देणारा घरमालक आहे. काम त्याच्या जागेत आहे. “इंजिन बंद केल्याशिवाय डिझेल भरायचं नाही” हे वाक्य त्याने बोलायचं आहे, आणि ते आगाऊ रक्कम देण्याआधी बोलायचं आहे. नंतर त्याला वजन राहत नाही.

कारण चूक झाली तर पुढे काय, तेही पाहून ठेवावं. महाडहून बंब येईपर्यंत गोठा उरत नाही. भाजलेल्या माणसाला नीट उपचार हवे असतील तर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारखं ठिकाण सुमारे दीडशे किलोमीटरवर, आणि रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा. निम्म्याहून जास्त कातडी जळालेल्या माणसाला ते अंतर काय असतं, ते डॉक्टरांना विचारा.

घरमालक एकटा पडू नये म्हणून ग्रामपंचायतीने पाठीशी उभं राहायला हवं. तुडीलच्या ग्रामसभेने एक ठराव करावा: गावात येणाऱ्या प्रत्येक बोअरगाडीच्या मालकाकडून भूजल नोंदणीच्या कागदाची प्रत, गाडीवरच्या माणसांची नावं आणि वर सांगितलेल्या अटींच्या कागदावर सही. कागद मराठीत, तमिळमध्ये आणि हिंदीत असावा, कारण डिझेल ज्याच्या हातात असतं त्याला तो वाचता आला पाहिजे. सही ग्रामपंचायत कार्यालयात राहील, फी एक रुपयाही नाही. ज्या गाडीवर पावडरचं नळकांडं नाही, तिला गावात काम नाही. ठराव २६ जानेवारीच्या सभेत घ्यावा. १ मेपर्यंत थांबलं तर त्या सालचे निम्मे बोअर तोवर मारून झालेले असतात.